पहिला ट्रॅक डे स्वतःच्या गाडीत: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

ट्रॅक डे म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर स्पर्धा न करता स्वतःची गाडी चालवायचा दिवस. ट्रॅकच्या गेटवरून सकाळी सात वाजता परत फिरवलेल्या गाड्यांची कारणं ऐकली की वाईट वाटतं. आरसी वडिलांच्या नावावर आणि वडील पुण्यात. हेल्मेट अर्धं. टो हुक (बंद पडलेली गाडी ओढायचा हुक) डिकीत सापडत नाही. फी भरलेली, रजा काढलेली, कोइम्बतूर किंवा चेन्नईपर्यंत अकराशे-बाराशे किलोमीटर गाडी चालवलेली, आणि मग दिवसभर पिटच्या भिंतीमागे उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण आदल्या रात्री जमणारीही नाही. किमान तीन आठवडे आधी कामाला लागा.

आता तळेगावजवळ नानोलीलाच ट्रॅक असल्यामुळे पुणेकरांचा प्रवास वाचतो. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आणि कोआस्ट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट हे बाकीचे पर्याय. आयोजकांप्रमाणे फॉर्म बदलतो. अडकण्याच्या जागा मात्र सगळीकडे त्याच.

कोणाला जाता येतं

वय १८ पूर्ण आणि चारचाकीचं पक्कं लायसन्स. लर्निंग चालत नाही. काही आयोजक २१ वर्षांखालच्यांकडून पालकांचं संमतीपत्र घेतात, तेवढं विचारून घ्या. लायसन्सवरची मुदतीची तारीख आजच बघा. 'मुदत संपली तरी तीस दिवस चालतं' असं ठामपणे सांगणारे अजून भेटतात. ही सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली आहे. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि ती चार दिवसांत होत नाही.

एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा) स्पर्धा परवाना लागतो का, हा नेहमीचा प्रश्न. साध्या ट्रॅक डेला लागत नाही, कारण तिथे क्रमांक काढत नाहीत. कार्यक्रमाच्या नावात 'टाइम अटॅक', 'चॅलेंज' किंवा 'कप' असेल तर मात्र विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

गाडी साधी हॅचबॅक किंवा सेडान असली तरी छान. उंच एसयूव्ही, सीएनजी किट आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. होकार मेलवर घ्या, फोनवरचा होकार गेटवर कोणी ऐकत नाही.

आरसी कोणाच्या नावावर आहे

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात, आणि त्यात अर्जदाराचा फारसा दोष नसतो. आपल्याकडे गाडी चालवतो मुलगा, हप्ता भरते सून आणि आरसीवर नाव सासऱ्यांचं, हे घरोघरी आहे. आयोजकाला त्याचं काही नाही. नोंदणीकृत मालक गाडी चालवणाऱ्याला लेखी परवानगी देतो आहे, एवढाच कागद त्याला हवा असतो. दुर्दैवाने फॉर्मवर 'ओनर कन्सेंट, इफ अॅप्लिकेबल' एवढंच छापलेलं असतं, नमुना कोणी देत नाही. मग लोक 'माझी हरकत नाही' एवढं एक वाक्य लिहून आणतात आणि ते परत येतं.

पत्रात हे असू द्या: "मी, (आरसीवर आहे तसं पूर्ण नाव), एमएच १२ … या गाडीचा नोंदणीकृत मालक असून, माझा मुलगा …, लायसन्स क्रमांक …, यास दिनांक … रोजी … येथील ट्रॅकवर ही गाडी चालवण्यास संमती देत आहे. ट्रॅकवर गाडीचं नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी आयोजकांवर राहणार नाही याची मला कल्पना आहे." खाली सही, तारीख, आणि सोबत मालकाच्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित झेरॉक्स. सही ओळखपत्रावरच्या सहीसारखीच हवी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका, मूळ कागद सोबत ठेवा. कंपनीची गाडी असेल तर लेटरहेड, शिक्का आणि सही करणाऱ्याचं पद, तिन्ही लागतात. कर्जावरच्या गाडीत बँकेचं नाव बोजा म्हणून असतं, मालक तुम्हीच. लीजच्या गाडीची मालक मात्र लीज कंपनी, आणि तिच्याकडून असं पत्र मिळणं कठीण.

जुनी गाडी घेतलेल्यांसाठी एक कळकळीची सूचना. डिलिव्हरी नोट आणि सह्या केलेले हस्तांतराचे फॉर्म २९-३० हातात असले म्हणजे गाडी नावावर झाली असं होत नाही. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत (राज्यातल्या राज्यात) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची, असा कायदा आहे. एजंट 'होऊन जाईल' म्हणत राहतो आणि आरसीवर आधीच्या मालकाचं नाव तसंच राहतं. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून स्वतः खात्री करा.

आणि वडील गेल्यानंतर गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूची खबर ३० दिवसांत देऊन वारसाला गाडी तीन महिने वापरता येते, त्या मुदतीत फॉर्म ३१ ने अर्ज करायचा असतो. वारस एकापेक्षा जास्त असले की बाकीच्यांची ना-हरकत लागते आणि तिथे वेळ जातो. दुःखाच्या दिवसांत आरटीओची खेप कोणाला सुचत नाही हे खरं. पण गेलेल्या माणसाचं संमतीपत्र आणता येत नाही, आणि अशा गाडीचा विम्याचा दावाही अडतो.

विमा: आहे, पण ट्रॅकवर नाही

आयोजक चालू विमा मागतात, तुम्ही पॉलिसी अपलोड करता, हिरवी खूण येते. इथे फार मोठा गैरसमज होतो. ती खूण कागद मिळाल्याची असते. ट्रॅकवर काही झालं तर भरपाई मिळेल असा त्याचा अर्थ नाही.

पॉलिसी उघडा आणि 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' हा मथळा शोधा. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे लिहिलेलं असतं की भाड्याने देणं, मालवाहतूक, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल सोडून इतर वापराला संरक्षण आहे. 'ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे' हा युक्तिवाद बरेच जण करतात. तो बरोबरही आहे, पण त्याच ओळीत स्पीड टेस्टिंग आहे, आणि अर्थ लावणारी कंपनी असते. झिरो डेप किंवा इंजिन प्रोटेक्ट ही जोड-संरक्षणं मूळ पॉलिसीवरच उभी, त्यामुळे तीही मदतीला येत नाहीत. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही त्याच अटींना बांधलेलं आहे.

कॉल सेंटरला फोन केला की 'हो सर, कव्हर्ड आहे' असं उत्तर मिळतं. सांगणाऱ्याला ट्रॅक डे म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि त्याच्या शब्दाला दाव्याच्या वेळी किंमत नसते. हे उत्तर देऊन मोकळे होणारे लोक माणसाची फार मोठी फसगत करतात. मेल करा: अमुक तारखेला, अमुक ट्रॅकवर, स्वतःची गाडी, स्पर्धा नाही, नुकसान झाल्यास दावा मान्य होईल का? उत्तर 'नाही' येईल असं धरूनच हिशेब करा. गाडीचं नुकसान खिशातून, आणि फॉर्ममधल्या अटीनुसार धडकेत मोडलेल्या बॅरियरचंही. हा खर्च झेपणार नसेल तर या वर्षी जाऊ नका. आणि अपघात रस्त्यावर झाला असं दाव्यात लिहायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा, ती सरळ फसवणूक ठरते.

आरोग्य विम्याची बाजू थोडी बरी आहे. साहसी खेळांबद्दलचं प्रमाणित कलम (कोड ०९) व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना वगळतं, त्यात मोटर रेसिंगचं नाव आहे. हौशी माणूस त्यात येत नाही. वेगळी अपघात पॉलिसी असेल तर तिची भाषा जास्त कडक असू शकते, ती वेगळी वाचा.

पीयूसी चालू असली की झालं. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबरप्लेट) बसवून घ्या, ट्रॅकवर नाही तरी हायवेवर विचारतील.

हमीपत्र

जोखीम स्वतःची असल्याचं लिहून द्यायच्या या कागदाला बहुतेक ठिकाणी छापील फॉर्मवर सही पुरते. शेजारी बसणाऱ्यालाही वेगळी सही करावी लागते, भाऊ किंवा मित्र 'फक्त एक राउंड' म्हणाला तरी. काही आयोजक स्टॅम्पपेपर मागतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, म्हणून घरात पडलेला जुना शंभराचा पेपर वापरू नका. नवा स्टॅम्पपेपर विकत घेताना नाव तुमचंच घाला. दुकानात मित्र गेला आणि त्याचं नाव पडलं तर कागद वाया. खरेदीपासून सहा महिन्यांत तो वापरावा लागतो. साक्षीदाराची सही राहिली म्हणून परत आलेली हमीपत्रंही पुष्कळ, तेव्हा घरूनच घेऊन निघा.

वैद्यकीय दाखला मागितला असेल तर एमबीबीएस डॉक्टरांचा, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. फॉर्म १ए हा लायसन्सचा वैद्यकीय दाखला आरटीओसाठी असतो, तो देऊन चालेलच असं नाही. रक्तगट मात्र दाखल्यावर लिहून घ्याच.

तारखा

जाहिरातीत ठळक छापलेली तारीख बहुधा नोंदणी बंद होण्याची असते. कागद अपलोड करायची तारीख त्याच्या आधी किंवा नंतर, बारीक अक्षरात. पैसे भरल्याची पावती म्हणजे जागा पक्की नव्हे, गाडीचा क्रमांक दिलेला मेल येईपर्यंत थांबा. रिपोर्टिंगची वेळ ही ब्रीफिंगसाठी, म्हणजे नियम समजावून सांगण्यासाठी असते. पहिला सेशन नऊला आहे म्हणून साडेआठला पोचलात आणि ब्रीफिंग चुकलं, तर हातात पट्टी बांधत नाहीत आणि पट्टीशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. यात मार्शल, म्हणजे ट्रॅकवरची सुरक्षा सांभाळणारी माणसं, अजिबात ऐकत नाहीत आणि ते बरोबर करतात. पिवळा, लाल, निळा झेंडा म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस सगळ्यांच्या जिवाला धोका असतो.

स्क्रुटिनीत (गाडीच्या तपासणीत) काय अडतं

टो हुक. बंपरवरच्या चौकोनी झाकणामागे स्क्रू करायचा लोखंडी हुक जॅक-पान्याच्या पिशवीत असतो. सेकंडहँड गाडीत तो बहुतेक वेळा हरवलेला असतो आणि मालकाला ते माहीतच नसतं. आज स्टेपनीची जागा उघडून बघा. नसेल तर नाना पेठेत किंवा कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर मॉडेल सांगून घ्या, आणि एकदा लावून बघा. प्रत्येक गाडीचे आटे वेगळे असतात, दुसऱ्या गाडीचा बसत नाही.

ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ या प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर साधारण १५५ ला. ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जोरदार ब्रेक लागले की ही मर्यादा गाठली जाऊ शकते आणि पेडल पोकळ होऊन तळाला जातं. गॅरेजवाला 'टॉप-अप केलंय' म्हणेल, ते पुरेसं नाही. सीलबंद डबा समोर उघडून पूर्ण बदलून घ्या. पॅड निम्म्याहून कमी असतील तर तेही.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर जुनं आणि कडक असतं, ते तपासणारा ओळखतो. व्हील नट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचने घट्ट करा.

गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, चालकाच्या पायाखालची मॅट. डॅशबोर्डवरचा गणपती घरीच आदराने काढून ठेवा. डबल टेपने चिकटवलेली मूर्ती ब्रेकिंगमध्ये सुटते आणि तोंडावर येऊ शकते. तपासणारा ती काढायला लावतो तेव्हा लोक दुखावतात, म्हणून आधीच सांगतो.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. आयएसआय किंवा ईसीई (युरोपीय मानक) खुणेचं चांगलं बाइक हेल्मेट पहिल्या ट्रॅक डेला बहुतेक आयोजक घेतात. कार रेसिंगसाठीचं स्नेल एसए मानकाचं हेल्मेट वेगळं असतं, त्याच्या अस्तराची आगीची चाचणी झालेली असते. पुढे जाणार असाल तर तेच घ्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, पातळ तळव्याचे बंद बूट. पॉलिस्टरची जर्सी नको.

सेशन संपल्यावर हॅंडब्रेक ओढू नका, डिस्क तापलेल्या असतात. गाडी गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला अडसर लावा. तापलेल्या टायरमधली हवा दिवसभरात कमी केली असेल, तर घरी निघण्याआधी टायर गार होऊ द्या आणि हवा पुन्हा पुस्तकातल्या आकड्यावर आणा. ब्रेक पॅड, इंजिन ऑइल आणि व्हील नट एकदा बघा. नानोलीहून हे चाळीसेक किलोमीटरपुरतं आहे, कोइम्बतूरहून मात्र हुबळी-बेळगाव-कोल्हापूर असा अख्खा हायवे त्याच पॅडवर उतरायचा असतो.