कल्पवृक्ष: खताच्या एजंटाची वाडी

मुंबईहून निघालेल्या गाडीनं डहाणू, घोलवड मागं टाकलं की उंबरगाव रोड स्टेशन येतं. इथं गुजरात सुरू होतो, वाड्या मात्र त्याच राहतात. १९६० पर्यंत उंबरगावचा हा पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. मुंबई राज्याची वाटणी झाली आणि तो पलीकडे गेला. सावे हे आडनावही बोर्डी-घोलवडकरांना नवं नाही. या तालुक्यातल्या देहरी गावात भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ ही सुमारे १४ एकरांची घरची शेती आहे.

सावे १९२२ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मले. प्राथमिक शाळेत मास्तर होते, जोडीला शेती. १९५०च्या दशकात रासायनिक खतं खेड्यापाड्यांत नवी होती. ती शेतकऱ्याच्या गळी उतरवायची तर गावातला शिकलेला, चार लोक ऐकतील असा माणूस लागायचा. मास्तर खताचे एजंट झाले. आधी स्वतःच्या शेतात टाकून दाखवलं. पीक जोरात आलं, लोक बघायला येऊ लागले, कमिशन मिळू लागलं. पुढं साव्यांना ऋषी वगैरे म्हणायची पद्धत पडली, आणि त्यात हा एजंट बाजूलाच राहतो. मला मात्र सगळी गोष्ट तिथंच दिसते. माणूस हिशेबी होता. दरवर्षी खताचा खर्च चढतोय आणि हातात पूर्वीइतकंच उरतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. गांधी-विनोबांचं वाचन सोबत होतंच. थोड्या जमिनीवर खत न घालता भात लावून पाहिलं. पीक घटलं, पण खर्च त्याहून जास्त घटला. १९६०च्या सुमारास त्यांनी रासायनिक खत कायमचं सोडलं.

वाडीत मुख्य झाडं चिकू आणि नारळ. लावणी करताना लवकर येणारी, मधल्या आयुष्याची आणि दीर्घायुषी अशी झाडं एकत्र लावायची: केळी, पपई आधी पैसा देतात, जमिनीवर सावली धरतात, तोवर चिकू-नारळ वाढतात. पाण्याची रीत बघण्यासारखी आहे. झाडं उंच वरंब्यावर, पाणी दोन ओळींमधल्या चरात, तेही एक चर सोडून एक. बुंध्याशी पाणी नाहीच. मुळांना पाणी नको, ओलावा हवा, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडचा जुना शेतकरी त्यालाच वाफसा म्हणतो. पालापाचोळा पडला तिथंच राहतो, तण उपटून फेकत नाहीत, नांगराचं काम गांडुळांवर सोडलेलं. नैसर्गिक शेती म्हटलं की हल्ली शेण-गोमूत्र कालवलेल्या जीवामृताचा ड्रमच डोळ्यांपुढं येतो. इथं तोही लागत नाही. वाढलेल्या बागेत घरच्यांना आणि मजुरांना मुख्य काम उरतं ते फळं उतरवण्याचं.

नैसर्गिक शेतीचे जगप्रसिद्ध पुरस्कर्ते, जपानचे मासानोबू फुकुओका इथं येऊन गेले, आणि ही वाडी आपल्या शेतापेक्षाही सरस आहे असं म्हणाले. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघानं साव्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.

पण साव्यांचं नाव सर्वदूर गेलं ते एका पत्रानं. जुलै २००६. विदर्भातल्या आत्महत्यांनी देश हादरलेला, हरितक्रांतीचे शिल्पकार एम. एस. स्वामीनाथन राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष. ८४ वर्षांच्या साव्यांनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं आणि हरितक्रांतीनं माती-पाण्याचं काय केलं याचा थेट जाब विचारला. रासायनिक खतांवर वाढवलेल्या उसाच्या एका एकराला लागणाऱ्या पाण्यात ज्वारी-बाजरीचे २५ एकर भिजतात, हा हिशेब त्यात आहे. आपल्या साखरपट्ट्यात तो अजूनही कुणाला ऐकायचा नसतो. स्वतःचे आकडेही दिले होते: नारळाच्या एका झाडाला वर्षाला सरासरी ३५०च्या आसपास, काहींना ४००च्या वर, जुन्या चिकूला सुमारे ३०० किलो फळ.

२४ ऑक्टोबर २०१५ रोजी, ९३ व्या वर्षी, सावे गेले. वाडी घरच्यांनी चालू ठेवली.