सी. डिफिसिल: इंग्लंडच्या रुग्णालयांतली साथ कशी चढली, कशी उतरली

रुग्णालयात एका दुखण्यासाठी दाखल व्हायचे आणि तिथे जुलाबानेच आडवे व्हायचे, असे झाले की डॉक्टरांना आधी संशय येतो तो सी. डिफिसिल या जिवाणूचा. १९३५ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो धडधाकट तान्ह्या बाळांच्या शौचात. त्यामुळे पुढे चार दशके त्याला निरुपद्रवीच धरले गेले. १९७४ मध्ये अमेरिकेत क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) घेणाऱ्या २०० रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या २१ टक्क्यांना जुलाब लागले, १० टक्क्यांच्या आतड्याला आतून पिवळट पापुद्रा धरला. ठपका औषधावर आला. त्यामागचा जिवाणू उघडा पडला १९७८ मध्ये. औषधाने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मारले की हा फोफावतो आणि विष सोडतो.

नवे शतक उजाडले आणि क्विनोलोन या घराण्यातल्या प्रतिजैविकांना न जुमानणारा ‘०२७’ हा वाण पसरला. कॅनडातल्या शेरब्रुकमध्ये १९९१ साली लाखामागे ३५.६ असलेले रुग्ण २००३ मध्ये १५६.३ झाले. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दोन साथींत किमान ३३ जण दगावले. मेडस्टोनच्या रुग्णालयातल्या साथीच्या चौकशीत तर बाहेर आले की खाटा एकमेकींना खेटून होत्या आणि काही रुग्णांना परिचारिकांनी ‘अंथरुणातच करा’ असे सांगितले होते.

मग रुग्णांची नोंद सक्तीची झाली, खोल्या वेगळ्या केल्या, हात साबणाने धुण्यावर भर आला, कारण अल्कोहोलच्या हातद्रवाने याचे बीजाणू (कवचात सुप्त राहणारे रूप) मरत नाहीत. २००७-०८ मधले साडेपंचावन्न हजार रुग्ण सहा वर्षांत साडेतेरा हजारांच्या आसपास आले. श्रेय साहजिकच स्वच्छतेला गेले. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जिवाणूंची जनुके तपासून वेगळेच दाखवले: घटले ते फक्त क्विनोलोनला दाद न देणारे वाण, बाकीचे जवळपास तेवढेच राहिले. नुसत्या साफसफाईने साथ हटली असती, तर सगळेच वाण सारखे घटायला हवे होते. माझ्या मते निर्णायक ठरली ती त्याच काळात क्विनोलोनच्या वापराला बसलेली कात्री: हे औषध कमी झाले तसे त्याला न जुमानणाऱ्या वाणांना मिळणारे मोकळे रानही गेले. (आपल्याकडे पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून सर्रास आणली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची गोळी असते, तिच्यातले ऑफ्लॉक्सासिन याच घराण्यातले.)

२०२१ नंतर मात्र इंग्लंडमधले आकडे पुन्हा वर सरकू लागले आहेत.