ओगावाचं पाणी, ओगावाची थंडी

तोक्योच्या इकेबुकुरो स्थानकातून तोबू तोजो मार्गाची गाडी पकडली की सुमारे सव्वा तासात सायतामा प्रांतातलं ओगावामाची येतं. जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्या दिवशी न्याहारीला नात्तो खायचं नाही. नात्तो म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. ते का नको, याचं उत्तर दुपारी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात मिळतं.

सकाळ कागदाला द्यावी, कारण ओला कागद वाळायला वेळ लागतो. इथल्या हातकागदाला होसोकावाशी म्हणतात. हे नाव मूळचं वाकायामा प्रांतातल्या कोया पर्वताच्या पायथ्याच्या होसोकावा गावाचं. १९७८ मध्ये जपान सरकारने या कलेला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिलं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत तिचा समावेश झाला.

कच्चा माल एकच, कोझो. हे तुतीच्या कुळातलं झुडूप. पानं गळून गेली की वर्षभरात वाढलेल्या फांद्या छाटतात, सारख्या लांबीचे तुकडे करून मोळ्या बांधतात आणि लाकडी पिंप उपडं घालून दोनेक तास वाफवतात. साल सोलायची ती गरम असतानाच, गार झाली की पुन्हा लाकडाला चिकटते. मग वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडून काढतात. उरते ती पांढरी अंतर्साल. शंभर किलो ओल्या फांद्यांतून कागद निघतो साधारण चार-पाच किलो.

ही साल सोडा ॲशच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, पाण्यात दोनेक तास शिजते. पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी वापरत. तंतूंना बांधून ठेवणारी पेक्टिनसारखी द्रव्यं अल्कलीत विरघळतात. शिजली का, हे ओळखायला एक पट्टी दोन्ही हातांनी ओढून बघायची. ती सहज फाकली पाहिजे. कच्ची राहिली तर कागदात गाठी येतात. घाईने कॉस्टिक सोडा वापरला तर साल लवकर मऊ होते, पण तंतूच कमजोर होतो आणि कागदाचं आयुष्य घटतं. पुढे वाहत्या पाण्यात एकेक पट्टी हातात घेऊन काळे ठिपके वेचायचे. या कामाला यंत्राचा फारसा उपयोग नाही, आणि कागदाची खरी किंमत इथेच ठरते असं आमचं मत आहे.

यानंतर साल मोगरीने बडवतात. तंतू तोडायचे नसतात, सुटे करायचे असतात. कोझोचा तंतू सेंटिमीटरभर लांब असतो. आपल्या छापील कागदातला लाकडाचा तंतू एक ते तीन मिलिमीटरच. म्हणून होसोकावाशी दुमडली, चोळली तरी फाटत नाही.

मात्र लांब तंतू पाण्यात पटकन गुंतून त्यांचे गोळे होतात. त्यावरचा उपाय मराठी माणसाच्या स्वयंपाकघरातल्या ओळखीचा आहे. तोरोरो-आओई नावाच्या झाडाची मुळं ठेचून पाण्यात ठेवतात, तो बुळबुळीत रस गाळून हौदात घालतात. हे झाड म्हणजे भेंडीची अगदी जवळची भाऊबंद. कापलेल्या भेंडीला येते तशीच तार या रसाला सुटते. अनेकांना हा गोंद वाटतो, पण तसं नाही. गोंद असता तर एकावर एक रचलेले ओले कागद पुन्हा सुटलेच नसते. रसाने पाणी दाट होतं, तंतू तरंगत आणि एकमेकांपासून सुटे राहतात, जाळीतून पाणी हळू निथळतं. कागद एकसंध होतो तो वाळताना सेल्युलोजच्या तंतूंमध्ये तयार होणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे. उष्णतेने या रसाची बुळबुळ उतरते, म्हणून हिवाळ्यातला कागद उत्तम.

लाकडी चौकटीत बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसवलेली असते. पहिल्यांदा हौदातलं पाणी पटकन घेऊन चटईवर पसरवायचं, म्हणजे पातळ थर बसतो. मग पुन्हापुन्हा पाणी घेऊन चौकट पुढे-मागे हलवत हवी ती जाडी आणायची. शेवटी वर उरलेलं पाणी, त्यातल्या कचऱ्यासकट, एका झटक्यात पलीकडे फेकायचं. शिकाऊ हात या फेकण्याला बिचकतो. पाणी चटईवरच रेंगाळतं आणि कागद एका कडेला जाड होतो. चटई काढताना बोटावरचा एक थेंब ओल्या कागदावर पडला तरी तिथे भोकासारखी विरळ खूण राहते. गठ्ठ्यावर दाब हळूहळू वाढवायचा, एकदम वजन ठेवलं तर पाणी वाट काढताना कागद फाडतं. मग ब्रशने फळीवर चिकटवून उन्हात वाळवायचा. लख्ख उन्हाच्या दिवसाला इथे ‘पिक्कारी सेन्र्यो’ म्हणतात, म्हणजे हजार सुवर्णमुद्रांचा दिवस. पाहुण्यांचा कागद मात्र बहुधा तापवलेल्या पत्र्यावरच वाळवतात.

दुपारी साके. गावात १८५१ पासूनची मात्सुओका आणि १९०२ पासूनची सेइउन या सुप्रसिद्ध साकेशाळा आहेत. तांदूळ आधी कांडतात. दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं वास-चव बिघडवतात, म्हणून गिंजो या उंची प्रकारासाठी मूळ दाण्याचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग ठेवतात, त्याहून उंची दाइगिंजोसाठी ५०. असा दाणा पाणी भराभर पितो, त्यामुळे भिजवण्याचा वेळ घड्याळ लावून मोजतात. जास्त भिजला की वाफवल्यावर गिचका होतो. भात हवा तो बाहेरून कोरडा, आतून मऊ.

या भाताचा काही भाग ३० अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत पसरतात आणि त्यावर अॅस्परजिलस ओरायझी बुरशीचे बीजाणू भुरभुरतात. दोन दिवसांत पांढरी, भाजलेल्या चेस्टनटसारख्या वासाची कोजी तयार होते. नात्तोची बंदी या खोलीसाठी. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. ते कपड्यांवरून इथे आले तर उबदार, ओलसर भातावर कोजीच्या आधी तेच माजतात आणि कोजी बुळबुळीत होते.

द्राक्षात साखर तयार असते, तांदळात फक्त स्टार्च. कोजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखर करतात आणि त्याच टाकीत यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. साखर थोडी-थोडी सुटत राहिल्याने यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या जवळ पोचतं. भात, कोजी आणि पाणी चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत, यीस्टला वाढू देतात. सगळं एकदम ओतलं तर यीस्ट आणि त्याचं रक्षण करणारं आम्ल विरळ होऊन परके जिवाणू शिरतात. पुढचे तीन-चार आठवडे टाकी थंड ठेवायची. यंत्रं नव्हती तेव्हा हे काम हिवाळाच करायचा.

साकेचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच. मात्सुओकाचं विहिरीचं पाणी जपानच्या मानाने जड, म्हणजे खनिजयुक्त आहे, त्यामुळे यीस्ट जोमाने काम करतं. लोह मात्र दोन्ही धंद्यांना चालत नाही. कागदावर काळाने तांबूस डाग उमटतात, आणि साकेत कोजीतल्या एका द्रव्याशी लोह जोडलं गेलं की रंग लालसर होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅम लोह चालतं, साकेच्या पाण्यात ०.०२ च.

गाळलेली साके सुमारे ६५ अंशांपर्यंत तापवतात. ही रीत जपानमध्ये १६व्या शतकात, म्हणजे पाश्चरच्या कितीतरी आधी, रूढ होती. दुकानात ‘नामा’ लिहिलेली बाटली दिसली तर ती न तापवलेली. तिच्यात विकरं सक्रिय असतात, म्हणून ती बर्फपेटीतून न्यावी आणि लवकर संपवावी. मुंबई-पुण्याला न्यायची असेल तर तापवलेलीच घ्यावी आणि घरी अंधारात ठेवावी. उन्हात साके पिवळी पडते आणि तिला करपट वास येतो.