धनुर्वात, एक चिमटा आणि परळची लस: मुलकोवाल प्रकरणाची पार्श्वभूमी

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात जरा लक्ष देऊन बघा, सिस्टर नवीन बाटली उघडली की आधी पेनाने तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिते, मग टोचायला घेते. काही लसींची उघडलेली बाटली २८ दिवस चालते, गोवराची मात्र काही तासांतच टाकून द्यायची, अर्धी उरली असली तरी. बघणाऱ्याला वाटतं सरकारी लिखापढी. पण उघडलेल्या बाटलीची ही भीती उगाच आलेली नाही, तिच्यामागे जुनी आणि वाईट प्रकरणं आहेत आणि त्यातलं एक, पंजाबातल्या मुलकोवालचं, थेट आपल्या मुंबईच्या परळशी जोडलेलं आहे. हाफकिन हे नाव सगळ्यांना माहितीय, कोविडमधे तर सारखं पेपरात यायचं, पण त्या नावाच्या माणसालाच ह्याच परळच्या प्रयोगशाळेतून घरी पाठवलं होतं हे फार जणांना माहीत नसतं.

सुरुवात १८९६ पासून करावी लागते. सप्टेंबरमधे मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीचा ताप ओळखला, म्हणजे प्लेग. पुढचं आपल्याकडे शाळेपासून शिकवतात, पुण्यातली सोल्जरांची घरझडती, २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि त्याआधी मार्चमधे रुग्णांची सेवा करताकरता प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई. लसीचा भाग मात्र ह्या सगळ्यात मागे पडतो.

वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे कॉलऱ्याची लस बनवून ती आधी स्वतःला टोचून घेतलेला माणूस. १८९३ पासून तो भारतात कॉलऱ्याच्या लसीचं काम करत होता. ऑक्टोबर १८९६ मधे त्याला मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधे एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या जोरावर त्याने प्लेगची लस करायला घेतली. मला ह्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तूप. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे, त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली लोंबायला लागतात, मग फ्लास्क हलवायचा, लोंब्या तळाशी पडतात, वर परत नव्या धरतात. रस्सा बोकडाच्या मांसाचा ठेवला, म्हणजे गाय नको आणि डुक्कर पण नको. शेवटी सगळं गरम करून जंतू मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे जंतुनाशक, घालायचं.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात तर त्याने घरटी साधारण अर्ध्या माणसांना टोचलं आणि अर्ध्यांना नाही, म्हणजे एकच घर, एकच चूल, तेच उंदीर, फरक फक्त लसीचा. प्लेग आलेल्या घरांत न टोचलेले २६ मेले, टोचलेले ३. त्या काळात असा हिशोब मांडणारे किती होते सांगा.

काम वाढलं तशी जागा कमी पडायला लागली. आगाखानांनी आपला बंगला दिला, आणि १८९९ मधे परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस मिळालं. ह्या वास्तूची पण गंमत आहे, १८८२ मधे गव्हर्नरची बायको तिथे कॉलऱ्याने गेली तेव्हापासून गव्हर्नर लोकांचं मन तिथून उडालं आणि बस्तान मलबार हिलला हललं, आणि तीच वास्तू कॉलऱ्याची लस काढणाऱ्याच्या हातात आली.

१९०२ मधे पंजाबात प्लेग जोरात होता आणि तिथल्या सरकारला लाखोंनी डोस हवे होते, ते पण लगेच. जुन्या पद्धतीने तेवढे होईनात, म्हणून हाफकिनने जलद पद्धत घेतली आणि त्यात कार्बोलिक वगळलं, निर्जंतुक करायचं काम फक्त उष्णतेवर सोडलं. पॅरिसला हे चालत होतं, इंग्रजी अमलात ते नवीन होतं. हा बदल लक्षात ठेवा.

३० ऑक्टोबर १९०२, गाव मुलकोवाल, आता पाकिस्तानच्या पंजाबात. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ माणसांना टोचलं. आठवडाभराने काही जणांचे जबडे धरायला लागले. धनुर्वात. एकूण १९ जण, आणि १९ च्या १९ मेले. सगळे एकाच बाटलीतले, नंबर ५३ एन. बाकी चार बाटल्यांतल्या एकालाही काही झालं नाही.

आता तुम्ही चौकशी करणारे असाल तर काय विचाराल? बाटली आधीच नासलेली होती की उघडताना नासली? प्रकरण ह्या एकाच प्रश्नावर उभं आहे.

मुंबईचे चीफ जस्टिस सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या हाताखाली कमिशन बसलं आणि त्यांनी ठरवलं की दोष परळचा, बाटली तिथून निघतानाच दूषित होती. कार्बोलिक वगळल्याचं त्यांना सापडलंच होतं. अगदी मूर्खपणाचा संशय होता असं मी म्हणणार नाही, कारण वर्षभरापूर्वीच, १९०१ मधे, अमेरिकेत सेंट लुईसला १३ मुलं घटसर्पाच्या औषधाने मेली होती. ते औषध जिम नावाच्या, आधी दुधाची गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या रक्तापासून केलेलं, घोड्याला धनुर्वात झाला म्हणून त्याला मारलं पण त्याचं दूषित सीरम (रक्तातला पातळ भाग, ज्याचं औषध करत) तरी वाटलं गेलंच. तिथे दोष खरोखर बनवण्याच्या जागी होता आणि अमेरिकेने १९०२ मधे अशा औषधांसाठी कायदाच केला. म्हणजे असं होऊ शकतं हे ताजं उदाहरण समोर होतं.

पण मुलकोवालची हकिगत तशी जुळत नव्हती. बाटली उघडताना टोचणाऱ्या डॉक्टरच्या असिस्टंटच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. नियम होता की चिमटा ज्योतीवर धरून घ्यायचा. त्याने तो कार्बोलिकमधे नुसता खळखळवला आणि कामाला लागला. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात, आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं कवचातलं सुप्त रूप, इतके चिवट की असल्या खळखळण्याने त्यांना काही होत नाही. ती बाटली ५३ एन होती.

दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचा जंतू रश्श्यात काही दिवस वाढला तर घाण वास सुटतो, आणि टोचणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं होतं की उघडताना वास नव्हता. तिसरी गोष्ट दिवसांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भारी. जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर त्यांचं विषही तयार असतं, तयार विष अंगात गेलं की माणूस पटकन आजारी पडतो. इथे आठवडा गेला, म्हणजे आत गेले ते थोडे ताजे बीजाणू, विष अंगात तयार व्हायला वेळ लागला. कोणाला कुठल्या बाटलीतून, कधी, आणि किती दिवसांनी, एवढं ओळीने लिहून काढलं तरी उत्तर दिसतं. आणि कार्बोलिकचं म्हणाल तर लसीत घालत होते तेवढ्याने धनुर्वाताचे बीजाणू मेले नसतेच, म्हणजे जे वगळलं म्हणून माणूस बदनाम झाला ते घालूनही त्या १९ जणांना वाचवता आलं नसतं.

पण ऐकतो कोण. हाफकिनला परळ सोडावं लागलं, तो युरोपात जाऊन स्वतःची बाजू मांडत बसला. ज्यू, रशियातला आणि वरून मिलिटरी डॉक्टरांच्या खात्यातला नाही, म्हणून ह्याला छोटं ड्रायफस प्रकरण (फ्रान्समधे ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं ते) म्हणणारेही आहेत. त्याच्या मदतीला आला मलेरियावाला रोनाल्ड रॉस. त्याने कागदपत्रं उकरली, लंडनच्या टाइम्सला पत्रं लिहिली, आणि जुलै १९०७ मधे रॉस धरून दहा शास्त्रज्ञांनी सह्या करून छापलं की हाफकिनवरचा आरोप टिकत नाही. त्या वर्षअखेरीस सरकारने त्याला दोषमुक्त केलं. पाच वर्षं लागली ह्याला. तोवर परळची जागा गेली होती, त्याला कलकत्त्याला पाठवलं आणि १९१४ मधे तो निवृत्त झाला. प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं १९२५ मधे.

मला ह्यात खटकतं ते वेगळंच. दोन्ही बाजू पाच वर्षं भांडल्या ते कोणाची चूक ह्यावर, परळची की चिमट्याची. एका बाटलीतून इतक्या जणांना टोचायचं तर एक चुकलेला हात सगळ्यांना भोवणार, हा प्रश्न तसाच राहिला.

तो चव्हाट्यावर आला जानेवारी १९२८ मधे, ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या बंडाबर्ग गावात. तिथला ऐन उन्हाळा, घटसर्पाच्या लसीची रबरी बुचाची एक बाटली, आत जंतुनाशक नाही, आणि तीच बाटली काही दिवसांच्या अंतराने परत परत वापरलेली. सुई जाता येता कधीतरी आत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू गेला आणि वाढत बसला. २७ जानेवारीला २१ मुलांना टोचलं, त्यातली १२ मेली. चार्ल्स केलवे ह्यांच्या कमिशनने तिथे स्पष्ट लिहिलं की आत पुरेसं जंतुनाशक नसेल तर असं औषध अनेकांना टोचायच्या बाटलीत भरून द्यायचंच नाही.

हाफकिन तेव्हा युरोपात होता. अजून दोन वर्षं जगला.