पिळायचं कसं रं ह्ये?

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा मी आईच्या हातात दिला. म्हटलं, हा कापडात विणला की हृदयाचे ठोके मोजता येतात. तिनं तो बोटाला गुंडाळून पाहिला आणि विचारलं, "पिळायचं कसं रं ह्ये?"

स्मार्ट कापडाचं खरं दुखणं तिनं ओळखलं होतं. धाग्यावरचा चांदीचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो. कापड पिळलं, दगडावर आपटलं की त्याला बारीक भेगा पडतात, वीज अडखळते आणि ठोक्यांचा आलेख बिघडतो. ब्लीचिंग पावडर चांदीला आणखी बाधते. 2017 साली गूगल आणि लिव्हाईस यांनी बाहीवर बोट फिरवून फोन चालवता येईल असं जॅकेट आणलं, तेही दहा धुण्यांपुरतं. आमच्याकडे दहा धुणी दोन आठवड्यांत होतात.

म्हणूनच वापरणाऱ्या माणसाला तयार नमुना दाखवून मत विचारणं पुरत नाही, पहिली रेघ ओढतानाच त्याला शेजारी बसवावं लागतं. 1970 च्या दशकात नॉर्वेमध्ये संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यगार्ड यांनी लोखंड कामगारांच्या संघटनेबरोबर हेच केलं: कारखान्यात येणाऱ्या संगणकांबद्दल कामगारांचंही म्हणणं असलं पाहिजे, म्हणून.

आता कोल्हापूरच्या फडातली ऊसतोड करणारी बाई घ्या. उन्हात ठोके किती वाढले हे वेळीच कळलं तर तिचा जीव वाचू शकतो. पाचट अंगाला कापू नये म्हणून ती साडीवर पुरुषी शर्ट घालते. बाहेरून बघणारा सेन्सर त्या शर्टात बसवेल. पण शर्ट ढगळ, आणि सेन्सर कातडीवरून सरकला की नोंद चुकते. ब्लाऊज मात्र आधीच अंगाबरोबर असतो, त्याची खालची पट्टी, धावपटू ठोके मोजायला जो छातीपट्टा बांधतात त्याच्याच जागी येते. हे गल्लीतल्या शिलाईवालीला सांगावं लागत नाही. धुताना बॅटरी काढायला टिचबटण लावा, हेही तीच सुचवेल. ईसीजीच्या वायरी तशाच बटणांनी जोडतात!

इचलकरंजीत माग आहेत, टेक्स्टाईल कॉलेज आहे. मला वाटतं, तिथल्या टेबलाशी या दोघींना मानधन देऊन बसवायला हवं. कारण बॅटरी, धागा, पट्टी सगळं जमल्यावरही एक प्रश्न फडातली बाईच विचारेल: मी दम खायला बसले, हे मुकादमाला दिसणार का?