रिचार्ज होणारं जंतुनाशक प्लास्टिक

२०११ मध्ये कोलोराडोतल्या खरबुजांमधून लिस्टेरिया नावाचा जिवाणू अमेरिकेभर पसरला. १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले. पॅकिंग शेडमधल्या यंत्रांवरही तो सापडला. हा जिवाणू ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो आणि बेल्टच्या चिरेत एकदा त्याचा चिकट थर बसला की नुसत्या पाण्याने तो निघत नाही.

म्हणून बेल्ट, क्रेटचं प्लास्टिकच जंतुनाशक करायचा प्रयत्न होतो. चांदी मिसळलेल्या प्लास्टिकमधून चांदीचे जंतुनाशक आयन (विद्युतभारित कण) सुटत राहतात, पण साठा संपला की गुणही संपतो. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गँग सन आणि ऑबर्न विद्यापीठात डेव्हिस वर्ली यांनी पृष्ठभागावर बसवता येणाऱ्या एन-हॅलामाइन या संयुगांवर काम केलं. यात क्लोरीन नायट्रोजनला बांधलेला असतो. जिवाणू टेकला की क्लोरीन त्याच्याकडे जातो आणि नायट्रोजनवर हायड्रोजन येतो. ब्लीचमध्ये बुडवलं की क्लोरीन पुन्हा बसतो. हाच रिचार्ज.

मात्र नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असेल, तर क्लोरीन त्यालाच घेऊन निसटतो आणि ती जागा कायमची बाद होते. म्हणून तिथे दोन मिथाइल गट असलेलं डायमिथाइल हायडँटॉइन वापरतात. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकला सहजासहजी काही चिकटत नाही. त्यावर आधी प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा अतिनील किरणांचा मारा करावा लागतो.

रिचार्जआधी डिटर्जंटने धुणं अटळ आहे. दुधातली प्रथिनं, मांसाचं रक्त राहिलं तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) ४ मिली, पाणी १ लिटर: साधारण २०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २०० भाग. पीएच ७ च्या आसपास हवा. आम्ल जास्त झालं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगांत साधारण तासभर बुडवून नंतर भरपूर पाण्याने खळबळतात.

क्लोरीन किती बसला हे पोटॅशियम आयोडाइडने कळतं. सुटलेलं आयोडीन स्टार्चला निळं करतं. तो रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंबाथेंबाने टाकायचं. क्लोरीनच्या प्रत्येक अणूमागे थायोसल्फेटचे दोन रेणू लागतात.

‘९९.९ टक्के जंतू मरतात’ या विक्रेत्यांच्या दाव्याला आम्ही लगेच भुलत नाही. आयएसओ २२१९६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत जिवाणू ३५ अंशांना, ओलाव्यात, २४ तास पृष्ठभागावर दाबून ठेवतात. कारखान्यातला बेल्ट थंड आणि मळका असतो. चिकन त्यावर जेमतेम मिनिटभर टेकतं. विक्रेत्याला विचारावं ते हेच: किती मिनिटांत, आणि किती मळ असताना?

उन्हात क्लोरीनचा बंध तुटतो, त्यामुळे क्रेट सावलीत ठेवावेत. ती झीज रिचार्जने बरीचशी भरून निघते. पण सुरीचे ओरखडे थरच खरवडून नेतात. नीट धुऊन, रिचार्ज करूनही थायोसल्फेट दर वेळी कमी लागत असेल, तर क्रेट बदलायला हवा.