‘बॉम बाहिया’वरून मुंबई? नाही!

‘पोर्तुगीज आले, बंदर पाहून “बॉम बाहिया”, म्हणजे छान खाडी, म्हणाले आणि त्यावरून बॉम्बे, मग मुंबई.’ शाळेपासून ऐकलेली ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही फिरते. ती खरी नाही.

आधी व्याकरणच बघा. पोर्तुगीजमध्ये खाडीचा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘बोआ बाईया’ म्हणावं लागेल. ‘बॉम’ म्हणजे आपल्याकडे कुणी ‘चांगला खाडी’ म्हणावं तसं. आपलीच भाषा खलाशी अशी मोडतील?

शिवाय बार्बोझा या पोर्तुगीजाच्या 1516च्या सुमाराच्या वर्णनात ‘ताना-मयांबू’ असं नाव येतं. ताना म्हणजे ठाणे आणि ‘मयांबू’त मुंबाई ऐकू येते, असं अभ्यासक मानतात. मुंबाई ही कोळ्यांची देवी, मुंबा आणि आई. तिचं जुनं देऊळ बोरीबंदरजवळ होतं, आता ते झवेरी बाजाराजवळ आहे. पोर्तुगीजांचं ‘बोंबाईं’ याच नावाचा अपभ्रंश असावा, हे मला जास्त पटतं.

आणि ‘मुंबई हे नाव 1995 सालचं’ हेही चूक. तेव्हा बदललं ते सरकारी इंग्रजी नाव. 1822मध्ये इथे सुरू झालेल्या गुजराती वर्तमानपत्राच्या नावातही ‘मुंबई’च होतं!